एकाच सर्किटवर दोन मिक्सर

संध्याकाळचे पाच वाजलेत. गुडगावातल्या त्या रेस्टॉरंटमध्ये खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या पडल्यात, एक पोरगा फिनेलच्या पाण्यानं फरशी पुसतोय आणि तिशीतला एक माणूस कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन टाळ्या वाजवतोय. एक टाळी वाजवायची, मान तिरकी करून थांबायचं, दोन पावलं सरकून पुन्हा एक टाळी. देवळात आरतीला उशिरा आलेल्या माणसासारखा तो दिसत होता. माझ्या चेहऱ्याकडे बघून फरशीवाला हसला आणि म्हणाला, "साउंड भैया हैं।"

साउंड भैया मराठी निघाला. "काका, तिथं नका बसू," हे त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. "त्या कोपऱ्यात बेस साठतो. तिथनं ऐकलं तर तुम्ही लिहाल, साउंडवाल्याला काय कळत नाही."

नाव छापायचं नाही, एवढी एकच अट त्यानं घातली. रेस्टॉरंटचंही नाव नको, कारण पुढच्या महिन्यात तिथे पुन्हा जायचंय. तेव्हा या लेखात तो साउंडवाला. दिल्ली, गुडगाव, नोएडा या पट्ट्यात आठवड्याला जिथे जिथे 'बँड नाइट' नावाचा प्रकार चालतो, तिथे अशी पाचपन्नास माणसं काळे टी-शर्ट घालून अंधारात उभी असतात. गाणं चांगलं झालं तर लोक बँडचं कौतुक करतात. वाईट झालं तर मागे वळून याच्याकडे बघतात.

टाळी कशासाठी, तर खोली ऐकण्यासाठी. काच, टाइल आणि उघडं काँक्रीट हा सध्याच्या रेस्टॉरंटांचा गणवेश आहे. दिसायला झकास, ऐकायला भयंकर. भिंतींवर आपटून आवाज परत येतो आणि समोरासमोरच्या दोन काचांमध्ये टाळी अडकली की टर्रर्र असा किडका शेपटा उमटतो. "रात्री माणसं भरली की थोडं बरं होतं," तो म्हणाला. "माणूस म्हंजे गादीच की. आवाज पितो." थंडीत जाकिटं असतात तेव्हा आणखी बरं होतं. ऑगस्टमध्ये, म्हणजे आम्ही भेटलो तेव्हा, सगळे पातळ कपड्यांत. म्हणजे खोली जास्त बोलणार.

मग त्यानं आपला मिक्सर मांडला. मिक्सर ठेवायची जागा श्रोत्यांच्या मधोमध असावी असं कुठलंही पुस्तक सांगेल. इथे ती जिन्याखाली, बारच्या शेजारी होती, कारण मधल्या जागेत दोन टेबलं मावतात आणि टेबलं बिल देतात. जिन्याखाली बसून जे ऐकू येतं ते खोलीतल्या कुणालाच ऐकू येत नाही. म्हणून हा माणूस रात्रभर उठतो, खोलीच्या मध्यापर्यंत जातो, चार क्षण कान देतो आणि परत येऊन फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, बोटभर खाली घेतो. हल्ली टॅबलेटवरून फेडर हलवता येतात, तोही एका हातात टॅबलेट धरून फिरतो. लोकांना वाटतं ऑर्डर घ्यायला आलाय. त्या रात्री दोन जणांनी त्याच्याकडे पाणी मागितलं. एकाला त्यानं आणूनही दिलं.

वायरी जोडून झाल्या, स्पीकर चालू केले आणि घर्रर्र असा आवाज आला. पन्नास हर्ट्झची ती ओळखीची घरघर नव्हती. ही जरा चिरकी होती आणि मध्येच थांबत होती. साउंडवाला हसला, बारमागे गेला, ज्यूस काढणाऱ्या पोराला खूण केली. पोरानं मिक्सर बंद केला, घर्रर्र बंद. चालू केला, चालू. "बगा," तो म्हणाला, "एकाच सर्किटवर दोन मिक्सर." घरगुती मिक्सरच्या मोटारीत कार्बनचे ब्रश ठिणग्या पाडत फिरतात आणि ती कटकट विजेच्या तारेतून थेट आमच्या तारांपर्यंत पोचते. त्यानं आपलं सगळं सामान दुसऱ्या फेजवरच्या प्लगला जोडलं. तिथून केबल आणायला बारा मीटरचा फेरा पडला, त्यावर काळा गाफा टेप चिकटवला गेला आणि वेटर अडखळू नये म्हणून टेपवर पाय घासून तो सपाट केला गेला.

*

त्याची मराठी विट्याची आणि शिव्या करोलबागच्या. वडील गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली. दिल्लीत त्यांतली बरीच करोलबागच्या रैगरपुरा, बिडनपुरा भागात स्थिरावली. दुष्काळी गावातून निघालेली ही माणसं मुलाबाळांना घेऊन भट्टीशेजारच्या खोल्यांत राहिली आणि गणपती बसवायला विसरली नाहीत. याचं शिक्षण तिथंच झालं. दहाव्या वर्षी मंडळाच्या गणपतीत अँप्लिफायरशेजारी बसायचा मान मिळाला, कारण आरती म्हणणाऱ्या मोठ्या माणसांत बटणाला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

अँप्लिफायर अर्थातच अहुजाचा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात मंडपवाल्याच्या टेंपोत डोकावलं तर भोंग्यावर हेच नाव सापडतं आणि पुष्कळांना ही मुंबईची कंपनी वाटते. ती दिल्लीची. अहुजा रेडिओज १९४० साली इथं सुरू झाली. आपल्या सत्यनारायणापासून प्रचारसभेपर्यंतचा निम्मा गोंगाट राजधानीतून आलेला आहे, ही गोष्ट मला तरी नवी होती. मंडळाच्या एका भोंग्याचा ड्रायव्हर जळला तेव्हा वडिलांनी पोराला लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये नेलं. सुटे भाग, डायफ्रॅम, किलोवर मिळणाऱ्या वायरी, एकमेकांवर ओरडणारे दुकानदार. "तिथं मला कळलं," तो म्हणाला, "की आवाज दुरुस्त करता येतो."

करोलबागचा आणखी एक धागा त्याला स्वतःला पुष्कळ उशिरा कळला. त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, खजूर रोडवरच्या एका जुन्या बंगल्यात, इंडियन ओशन हा बँड वर्षानुवर्षं सराव करायचा. त्या घराचा पत्ताच पुढे त्यांच्या २०१० च्या अल्बमचं नाव झाला, '१६/३३० खजूर रोड'. महिन्याला एक गाणं अशा हप्त्यांत त्यांनी तो अल्बम इंटरनेटवर फुकट वाटला. सोनं गाळणाऱ्यांच्या आणि कपड्यांच्या घाऊक दुकानांच्या वस्तीत हिंदुस्थानातला एक नावाजलेला बँड सूर लावत होता आणि गल्लीतल्या पोराच्या कानावर तो कधी पडला नाही. पडला असेलही, म्हणा. भट्टीच्या आवाजात ओळखू आला नसेल.

इंडियन ओशनची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण दिल्लीत बँडचा कार्यक्रम चालू असताना तो टिपून ठेवायचा, या विषयाला धरून बोलायचं तर सुरुवात 'डेझर्ट रेन'पासून करावी लागते. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० साली बँड उभा केला. पहिला अल्बम १९९३ मध्ये एचएमव्हीनं काढला. दुसरा, १९९७ चा 'डेझर्ट रेन', स्टुडिओत झालाच नाही. पथनाट्यकार सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ 'सहमत' ही संस्था मंडी हाउस भागात कार्यक्रम करायची. १९८९ च्या १ जानेवारीला साहिबाबादजवळ झंडापूरला पथनाट्य चालू असताना हाश्मींवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. त्या स्मरणाच्या कार्यक्रमात बँड वाजवत असताना जे टिपलं गेलं तोच हा अल्बम. म्हणजे दिल्लीच्या थंडीत, सभेसाठी जमलेल्या माणसांपुढे वाजलेलं संगीत. आपल्याकडे शास्त्रीय मैफिली टिपून ठेवायची परंपरा जुनी आहे. सवाई गंधर्वला टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसलेले काका आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण ढोलताशाइतका आवाज करणाऱ्या बँडला प्रत्यक्ष कार्यक्रमात पकडणं ही वेगळी कुस्ती आहे.

का, ते असीम चक्रवर्तींच्या बसण्यावरून समजतं. ते मांडी घालून बसत, तबला-तरंग वाजवत आणि त्याच वेळी गात. आता गाण्यासाठी तोंडासमोर जो माइक आहे, त्याला काय फक्त गळा ऐकू येतो? खाली हातभर अंतरावर तबला वाजतोय, तो ऐकू येतो. मागचे ड्रम येतात, बाजूची गिटार येते. गळ्याचा आवाज वाढवला की तबलाही वाढतो, आणि तबल्याचा माइक जरा जास्त उघडला की शिट्टी. साउंडवाल्यांच्या भाषेत याला 'गळती' म्हणतात आणि नळवाल्यांइतकाच त्यांचा जन्म ती थांबवण्यात जातो. २५ डिसेंबर २००९ ला असीम गेले. आमच्या साउंडवाल्यानं त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. पण 'डेझर्ट रेन' तो हेडफोनवर ऐकतो तेव्हा गाणं ऐकत नाही, माइक कुठे ठेवले असतील ते ऐकतो, असं त्यानं कबूल केलं.

याच बँडचा बेसवादक राहुल राम १९९० च्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होता आणि २००० सालच्या 'कंदिसा'मधलं 'मा रेवा' त्या खोऱ्यातल्या लोकगीतावरून आलं. आपल्या नंदुरबारच्या डोंगराळ गावांना लागूनच ते खोरं आहे. मोर्चातल्या मेगाफोनवरून उठलेला सूर राजधानीतल्या कॅफेच्या स्पीकरपर्यंत आला, तोही करोलबागमार्गे.

*

दिल्लीत बँडांना जागा कायम कमी आणि अल्पायुषी मिळाल्या. परिक्रमा हा बँड १९९१ पासून वाजवतोय आणि त्यानं आपली गाणी वर्षानुवर्षं नेटवर फुकट दिली. अमित सैगल यांनी १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे नियतकालिक सुरू केलं, पुढे दिल्लीत आणलं आणि 'ग्रेट इंडियन रॉक' महोत्सवातून एक पिढी उभी केली. २०१२ च्या जानेवारीत गोव्यात ते वारले. अधचिनीचं टर्कॉइज कॉटेज, साउथ एक्स्टेंशनमधलं कॅफे मॉरिसन, हौज खासचे माडीवरचे अड्डे. या नावांवर आता चाळिशीतली माणसं सुस्कारे टाकतात. २०१५ मध्ये सफदरजंग एन्क्लेव्हला 'पियानो मॅन' उघडला, पुढे गुडगावातही आला. तिथे संगीत हे जेवणाचं तोंडीलावणं नसतं. असे अपवाद सोडले तर बाकी सगळीकडे बँड म्हणजे बुधवारी रिकामी राहणारी टेबलं भरण्याचा उपाय.

मुंबईकरांना लोअर परळचा ब्लू फ्रॉग आठवत असेल. २००७ ला मथुरादास मिलच्या आवारात सुरू झाला, २०१६ ला बंद पडला. तिथे मैफिलीची खोली आणि रेकॉर्डिंग स्टुडिओ एकाच छपराखाली होते. दिल्लीतही मेहरौलीला त्यांची शाखा काही वर्षं चालली. खोली बांधतानाच ती ऐकायची आहे असं समजून बांधलेली जागा या देशात कितीशा असतील!

मोठ्या प्रमाणावर काय बिघडू शकतं, तेही गुडगावनंच दाखवलं. २८ ऑक्टोबर २०११ ला लेजर व्हॅलीत मेटॅलिका वाजवणार होती. गर्दी रोखणारे कठडे तोल सांभाळेनात, कार्यक्रम रद्द झाला आणि चिडलेले लोक मंचावर चढून सामान फोडू लागले. दोन दिवसांनी तोच बँड बंगळूरला वाजवून गेला. आमचा साउंडवाला त्या मैदानात तिकीट काढून उभा होता. त्याला आठवतं ते एवढंच, की फुटणाऱ्या प्रत्येक पेटीची किंमत तो मनात लावत होता.

*

त्या रात्री चार बँड होते. कॉलेजातली पोरं, सूफी-रॉक म्हणवणारे सहा जण, दोन रॅपर आणि लॅपटॉप, शेवटी जरा नाव असलेला एक बँड. साउंडचेक उलट्या क्रमानं होतो. शेवटी वाजवणारा सर्वांत आधी आणि सुरुवात करणारा सर्वांत शेवटी, म्हणजे पहिल्या गाण्याला मंच जसाच्या तसा तयार. कॉलेजची पोरं मेट्रोनं आली, पाठीवर गिटारी घेऊन, मिलेनियम सिटी सेंटरला उतरून रिक्षानं. ड्रमवाल्याच्या हातात फक्त काठ्या होत्या. इथे ड्रम कुणी उचलून आणत नाही, ते जागेचेच असतात आणि त्यांची चामडी कधी बदलली ते कुणालाच आठवत नसतं. साउंडवाल्यानं खिशातून रुमाल काढला, घडी करून स्नेअरवर ठेवला, टेप मारला. टंऽऽग वाजणारा ड्रम टक् वाजू लागला. "पाच रुपयांचं प्रोसेसिंग," तो म्हणाला.

मग शिट्टी काढायचं काम. गायकासमोर जमिनीवर तिरका ठेवलेला स्पीकर, मॉनिटर, गायकाला त्याचाच आवाज ऐकवतो. माइक तो आवाज पुन्हा उचलतो, स्पीकर पुन्हा सोडतो, आणि हे चक्र एका ठरावीक सुराला इतकं घट्ट होतं की कान फाटतात. साउंडवाला मुद्दाम आवाज वाढवत नेतो, शिट्टी यायला लागली की ती कुठल्या सुराला येतेय ते कानानं ओळखतो, तेवढीच पट्टी इक्वलायझरवर खाली ओढतो. मग आणखी वाढवतो. दुसरी शिट्टी. तीही ओढतो. चौथ्यापाचव्या वेळी थांबतो, कारण त्यापुढे शिट्ट्यांबरोबर गळाही कापला जातो. माइक म्हणजे श्युअरचा एसएम ५८, १९६६ साली बाजारात आला तो अजून हटलेला नाही. जमिनीवर पडला, बिअरमध्ये भिजला तरी चालतो. मी तो हातात घेतला तेव्हा जाळीला लिपस्टिक आणि कुठलासा मसाला लागलेला होता.

पण एवढी मेहनत रॅपरांनी दोन मिनिटांत धुळीला मिळवली. त्यांनी माइकची जाळी मुठीत पकडली. व्हिडिओत सगळे तसेच धरतात. या माइकच्या डोक्यामागे बारीक खिडक्या असतात, त्यांमुळे तो पाठीमागचा आवाज टाळतो. मूठ आवळली की खिडक्या बंद, माइक चहूकडचं ऐकू लागतो आणि शिट्टी. साउंडवाल्यानं जिन्याखालून हातवारे केले. पोरांना वाटलं तो नाचतोय, त्यांनीही हात वर केले.

मघापासून आवाज, आवाज म्हणतोय, पण या धंद्यातली एक गोम मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हती. मला वाटायचं, साउंडवाला सगळ्यांचा आवाज मोठा करतो. छोट्या खोलीत तसं नसतं. ड्रम माइकशिवायच काच हलवतात. गिटारवाल्याचा अँप्लिफायर स्वतःच पुरेसा भसाडा असतो. खोलीत फक्त गळा ऐकू येत नाही, कीबोर्ड येत नाही. म्हणून मोठ्या स्पीकरमधून तेवढंच सोडायचं, खोलीला जे कमी पडतं ते. बाकीच्यांचे फेडर जवळजवळ तळाला.

रेकॉर्डिंगची ठेच नेमकी इथे लागते. कार्यक्रमानंतर बँडवाले येतात, पेनड्राइव्ह पुढे करतात, "भैया, आज का रिकॉर्डिंग दे दो।" मिक्सरमधून जे बाहेर जातंय तेच थेट टिपलं, तर हाती काय येतं? बोडका, कोरडा, छातीवर बसलेला गळा आणि मागे कुठेतरी चाळीच्या दुसऱ्या टोकाला वाजल्यासारखे ड्रम. खोलीत जे जोरात होतं ते टेपमध्ये नाही. खोलीत जे नव्हतं तेवढंच टेपमध्ये आहे. फोटोच्या निगेटिव्हसारखा प्रकार. कॉलेजची पोरं हे ऐकून हिरमुसतात आणि साउंडवाल्यावर ठपका ठेवतात. त्यांना समजावत बसणं त्यानं कधीच सोडून दिलं.

त्याऐवजी तो प्रत्येक माइक वेगवेगळा टिपतो. २०१२ साली बेहरिंगरचा एक्स३२ हा डिजिटल मिक्सर आला आणि एका यूएसबी वायरीनं बत्तीस ट्रॅक लॅपटॉपवर घेणं मध्यमवर्गीय साउंडवाल्याच्या आवाक्यात आलं. त्याआधी हे स्टुडिओवाल्यांचं काम. त्याचा मिक्सर जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. त्या रात्री चोवीस ट्रॅक घेतले. चोवीस बिटांवर, अठ्ठेचाळीस हजारांच्या सँपलिंगनं, तासाला सुमारे साडेबारा जीबी. यूएसबीची साधी वायर पाच मीटरपलीकडे भरवशाची नाही, म्हणून लॅपटॉपही जिन्याखालीच, बर्फाच्या पेटीवर. चोवीसपैकी दोन माइक कुणासमोरच नव्हते. ते मागच्या भिंतीपाशी, छताजवळ, खोलीकडे तोंड करून बांधलेले. "हे कोणासाठी?" मी विचारलं. "हे खोलीसाठी," तो म्हणाला.

*

साडेनऊला मॅनेजर आला. मालकाचा फोन होता, मागच्या सोसायटीतून तक्रार आली होती. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. आपल्याला ते गणपतीमुळे पाठ आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. बंद सभागृहांना रात्रीच्या बंदीतून वाट ठेवलेली आहे, पण दार उघडं-मिट होत राहणारं, एका बाजूला सिगारेटवाल्यांची गच्ची असलेलं रेस्टॉरंट किती बंद, यावर प्रत्येक ठाण्याचं मत वेगळं. त्यात दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश अशी तीन सरकारं, तीन पोलीस. यमुना ओलांडली की नव्यानं मुजरा.

थंडीत तक्रारी वाढतात, असं तो म्हणाला. मला वाटलं, खिडक्या बंद असतात तेव्हा कमीच व्हायला हव्यात. त्याला कारण माहीत होतं, आणि या शहराबद्दल मी ऐकलेल्या चांगल्या गोष्टींत ते मोडतं. हिवाळ्यातल्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार होते. हेच ते झाकण, ज्याखाली दिल्लीचा धूर अडकतो. वर जाणारा आवाज त्या ऊबदार थरात वाकून पुन्हा खाली येतो आणि गच्चीवरचा बेस चार इमारती ओलांडून कुणाच्या तरी रजईत शिरतो. धूर आणि ढोल, दोघांना एकच छप्पर.

फेडर एक बोट खाली आले. तेवढ्यानं बँडचं तोंड वाकडं झालं. गायकानं माइकवरूनच सांगितलं, "भैया, थोड़ा वोकल।" बारजवळच्या टेबलावरचा गृहस्थ म्हणाला, आम्हाला बोलताही येत नाही. साउंडवाल्यानं दोघांनाही अंगठा दाखवला आणि कशालाच हात लावला नाही. थोड्या वेळानं दोघंही समाधानी दिसले. याला तो 'प्लासिबो फेडर' म्हणतो.

आणि मग, शेवटच्या बँडच्या तिसऱ्या गाण्यात, लाइट गेली.

एनसीआरमध्ये लाइट जाणं आणि जनरेटर उठणं यांत काही सेकंदांची दरी असते. थंडीत हवा फारच बिघडली की 'ग्रॅप' या प्रदूषणाच्या नियमावलीखाली डिझेल जनरेटरवरही निर्बंध येतात, तेव्हा आणखी पंचाईत. ऑगस्टमध्ये ती अडचण नव्हती. तरी मधले सेकंद होतेच. अंधार झाल्या क्षणी त्याचा हात पहिल्यांदा म्यूटच्या बटणावर गेला, मी पाहिलं, कारण स्क्रीन चालू होता. वीज परत येताना स्पीकर धाडकन दचकतात, तो धक्का लोकांच्या कानात जाऊ नये म्हणून. मिक्सर आणि मंचावरची पेटी त्याच्या स्वतःच्या यूपीएसवर, लॅपटॉप बॅटरीवर. स्पीकर मात्र मुके. गिटारचा अँप्लिफायर मेला. ड्रमवाला थांबला नाही. त्याला वीज लागतच नव्हती. गायकही गात राहिला असावा, कारण पुढच्या टेबलांनी ओळ उचलली, त्यामागच्यांनी उचलली आणि जिन्याखालपर्यंत नुसते ड्रम आणि चाळीसपन्नास माणसांचे बेसूर गळे पोचले. मग जनरेटर, दिवे, गिटार, टाळ्या.

*

चार दिवसांनी मुनिरकातल्या त्याच्या खोलीवर गेलो. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज. खिडकीत गादी उभी लावलेली. त्यानं हेडफोन दिले आणि तेच गाणं लावलं. गाणं आलं, तो क्षण आला, आणि काहीच झालं नाही. गिटार तेवढी गायब झाली. गळा तसाच, बेस तसाच, ड्रम तसेच. मी गोंधळलो.

त्यानं समजावलं. गायकाच्या माइकला वीज लागतच नाही आणि तो थेट मिक्सरमध्ये जातो. बेस गिटार डीआयच्या डबीतून जाते, त्या डबीला वीज मिक्सरमधूनच मिळते. यूपीएस चालू, म्हणून दोघंही चालू. खोलीत गायकाचा आवाज मेला होता, टेपमध्ये तो मेलाच नाही. टेपला माहीतच नाही की लाइट गेली.

मग त्यानं बावीस फेडर खाली ओढले. उरले छताजवळचे दोन. बाकीच्यांशी जुळावेत म्हणून त्यांना त्यानं आधीच पस्तीस मिलिसेकंद अलीकडे सरकवलं होतं, कारण मंचापासून बारा मीटर अंतर कापायला आवाजाला तेवढा वेळ लागतो, नाहीतर सगळे मिळून लावले की ड्रम दोनदा वाजतो. प्ले. आता ती रात्र होती. गाणं, खट्, अंधार. ड्रम लांबचे, चामडी सैल. एक ओळ कुणीतरी चुकीची उचलली, हसणं, मग सगळे. ग्लासं. अकरा सेकंद. "आ गई, आ गई," असं बारवाला पोरगा ओरडतो आणि त्याच श्वासाला घर्रर्र, त्याचा मिक्सर, अर्धवट राहिलेल्या ज्यूससकट.

"यातलं कुठलं देणार त्यांना?" मी विचारलं.

त्यानं फोन पुढे केला. गिटारवाल्याचा सकाळचा मेसेज होता. भैया, वो ग्यारह सेकंड मेरे को भेज दो, घर से बजा के देता हूँ. त्याखाली, तासाभरानं, गायकाचा. भैया, उसको छूना मत.

दोघांनाही त्यानं अंगठा पाठवला होता.